तीनशे शर्ट आणि कौसाबाईचा हातगुण

साहेबांनी मशीनवरचं कव्हर उचललं तर मशीनच दिसेना. वर लोणच्याच्या तीन बरण्या होत्या. मशीन त्यांच्या खाली, टेबलाच्या पोटात घडी होऊन पडलेलं.

"हे काय आहे?" साहेबांनी विचारलं.

"लिंबाचं," संगीता म्हणाली. "त्या कडंच्या बरणीत मिरची हाय."

बोरीतलं हे आमचं सातवं घर. आधीच्या सहांपैकी एका मशीनवर टीव्ही होता. एकावर दळणाचा डबा. एका घरी तर मशीनवरच्या टोपलीत कोंबडी अंड्यांवर बसली होती, तिला उठवू नका म्हणून आम्हाला दारातूनच परत पाठवलं. साहेबांनी तिथं कोंबडीचाच फोटो काढला, कारण त्यांच्या ॲपमध्ये फोटो टाकल्याशिवाय पुढचं पान उघडत नव्हतं.

मी परभणीच्या एका प्रशिक्षण संस्थेत एकतीस वर्षं शिवणकाम शिकवलं. रिटायर झाल्यावर घरी बसून भाज्या निवडायचा मला कंटाळा आला, म्हणून एका प्रोजेक्टवर ट्रेनर म्हणून लागले. बोरीच्या बचत गटातल्या अठरा बायकांना मशीनं मिळाली होती, मीच त्यांना शिवायला शिकवलं होतं. साहेब म्हणजे आमचे कोऑर्डिनेटर. वयानं माझ्या धाकट्यापेक्षा लहान, स्वभावानं सरळ, पण टेबलावर काय असावं याबद्दल पक्के विचार असलेले. संगीता ही गटाची अध्यक्ष. बोलायला तिखट आणि कामाला वाघ.

"मशीन बिघडलंय का?" मी विचारलं.

"न्हाई ओ मॅडम, लय ग्वाड चालतंय."

"मग शिवत का नाही?"

"शिवायला काय, बसलं की झालं. कापायचं राहिलंय ना."

अठरा घरांत अठरा वेळा हेच उत्तर मिळालं. कापायचं राहिलंय. साहेबांनी गाडीत बसल्यावर विचारलं, "मॅडम, कापायला असं किती लागतं? कात्री आणि कापड, एवढंच ना?"

मला राग आला, पण माणूस नवीन होता म्हणून नीट सांगितलं. शिवणं हे बसून करायचं काम. पाय पायडलवर, डोळे सुईवर, कानात गाणी, निम्मी विश्रांतीच. कापणं, म्हणजे आमच्या भाषेत बेतणं, हे खरं जिवावरचं काम. जमिनीवर सतरंजी टाकायची, कापड पसरायचं, गुडघ्यावर ओणवं व्हायचं, खडूनं आखायचं, टाचण्या लावायच्या, मग रांगत रांगत कापायचं. अर्ध्या तासात कंबरेचा काटा ढिला होतो. तेवढ्यात शेळी येऊन कापडावर उभी राहते. आणि शिलाई चुकली तर उसवता येते. कात्री चुकली तर गेलं ते गेलं. म्हणून बाई कापायचं काम आज-उद्यावर ढकलते, आणि मशीनवर लोणचं मुरतं.

"मग कापणं सोपं करा," साहेब म्हणाले. फार सहज म्हणाले, पण बरोबर म्हणाले.

मी कामाला लागले. पहिली गोष्ट, जमिनीवरून उठायचं. कापायचं टेबल कंबरेएवढं उंच हवं, म्हणजे पाठ वाकत नाही. मी अठरा जणींच्या कंबरेची उंची टेपनं मोजली, सरासरी काढली, ती आली चौतीस इंच. तेलाचा दोनशे लिटरचा ड्रम जवळजवळ तेवढाच असतो. समाजमंदिराच्या हॉलसाठी आणलेले दोन दरवाजे वर्षभर भिंतीला टेकून उभे होते. चार ड्रम, दोन दरवाजे, वर जाड चादर ताणून बांधली. टेबल तयार.

दुसरी गोष्ट, फर्मे. फर्मा म्हणजे जाड पुठ्ठ्याचा कापलेला नमुना. पाठ, पुढा, बाही, कॉलर. एकदा चांगला कापून ठेवला की दर वेळी मापं आखायची कटकट नाही. कापडावर ठेवायचा, भोवतीनं खडू फिरवायचा. तिसरी गोष्ट, टाचण्या बंद. कापड हलू नये म्हणून वर वजन ठेवायचं. त्यासाठी ट्रॅक्टरच्या गॅरेजमधून मोठाले लोखंडी वॉशर आणले. चौथी, कात्रीचं खालचं पातं टेबलावरून उचलायचं नाही, सरकवत न्यायचं. एवढंच केलं तरी कट निम्मा सरळ येतो.

बायका खूश. "मॅडम, हे आधी कामून न्हाई सांगितलं? आमची कंबर गेली ना हो!" एका दुपारी सगळ्यांनी आपापलं कापड आणून आखलं. सुंदर आखलं. मी चहा पिऊन आले. पाहते तर सगळ्या जणींनी आखलेल्या कापडाची घडी घालून काखेत मारली होती आणि चपला शोधायला लागल्या होत्या.

"अगं, कापा की!"

"कापतो ना. आधी कात्री लावून आणतो."

मला वाटलं धार लावून आणतायत. म्हटलं, जाऊ दे. अर्धा तास झाला, तास झाला, कुणी येईना. मग मी शोधायला निघाले.

महादेवाच्या देवळामागच्या गल्लीत एका ओसरीवर सगळ्या रांगेत बसल्या होत्या. रांगेच्या टोकाला साठीच्या एक बारक्या आजी, कपाळाला भस्माच्या तीन रेघा, मांडीवर हातभर लांबीची कात्री. एकेकीनं पुढं जायचं, घडी उलगडायची, मुंढा दाखवायचा. मुंढा म्हणजे शर्टाला किंवा ब्लाऊजला बाही जिथं जोडतात तो गोलवा. आजी डोळे मिटायच्या, ओठ हलवायच्या आणि मुंढ्याच्या गोलव्यात कात्रीचा एक घास घ्यायच्या. करकच. एक इंच. मग, "जा, नेस सुखानं," असं म्हणायच्या, आणि पुढची.

या कौसाबाई. गावात त्यांचा हातगुण मोठा. त्यांनी पहिली कात्री लावलेलं कापड लाभतं, अंगावर चढलं की काम होतं, लग्न जमतं, ताप उतरतो. म्हणून बोरीत पहिली कात्री दुसऱ्या कुणी लावायचीच नाही. आणि कौसाबाईंना फुरसत सोमवार सोडून, शनिवार सोडून, अमावस्या सोडून, जेवण झाल्यावर आणि डोळा लागायच्या आधी. अठरा मशीनं या एका इंचावर अडली होती.

मी जवळ जाऊन तो इंच पाहिला. कट वाकडा होता. थोडाथोडका नाही, चांगलं अर्धं बोट आत गेलेला.

तेव्हा मला एक गोष्ट उमगली, ती सांगायची मला आजही लाज वाटते. बोरीतल्या सगळ्या ब्लाऊजना, झंपरांना, शर्टांना काखेपाशी एक छोटी तिकोनी कळी असायची. कळी म्हणजे जोडलेला कापडाचा तुकडा. मला वाटलं, ही इथली जुनी पद्धत असेल. मी माझ्या रिपोर्टात "स्थानिक शिवणशैलीचं वैशिष्ट्य" म्हणून तिच्यावर दीड पान लिहिलं होतं. इतकंच काय, जिंतूरच्या बॅचला मी ती कळी दोन दिवस शिकवली होती! ते वैशिष्ट्य-बिशिष्ट्य काही नव्हतं. कौसाबाईंचा वाकडा घास झाकायला गावानं लावलेलं ठिगळ होतं ते.

मी संगीताला बाजूला घेतलं. "अगं, त्यांना कापताच येत नाही."

"कापता कुणाला पायजे मॅडम? कापायला आमी हाव की. त्येंचा हात पायजे."

मी साहेबांना फोन केला. ते म्हणाले, "अवेअरनेस सेशन घ्या." मी घेतलं. अंधश्रद्धा या विषयावर चाळीस मिनिटं बोलले. सगळ्यांनी माना डोलावल्या, टाळ्या वाजवल्या, आणि संगीतानं आभार मानताना सांगितलं की मॅडमच्या ह्या साडीचा ब्लाऊज बी एकदा कौसाकाकूकडून कापून घेऊ, म्हंजे मॅडमची बीपीची गोळी सुटंल.

हे सगळं हसण्यावारी गेलं असतं. पण मे महिन्यात साहेबांनी खटपट करून गटाला एक ऑर्डर मिळवून दिली. दोन शाळांचे तीनशे शर्ट. आकाशी रंग, अर्ध्या बाह्या. शाळा उघडायच्या आत द्यायचे. साहेबांनी स्पष्ट सांगितलं, "मॅडम, हे वेळेत गेलं तर पुढचं सगळं काम गटालाच. नाही गेलं तर ऑर्डर ठेकेदाराला, आणि बोरीचं सेंटर बंद. वरून ठरलंय."

संगीतानं ते ऐकलं तेव्हा तिचा आवाज बदलला. "मॅडम, सेंटर बंद झालं तं आमी परत खुरपायला. सावलीत बसून काम करायची सवय लागली हो आता. एवढं हातचं जाऊ देऊ नका."

कापडाचे ताके आले. मी हिशोब मांडला, रोज तीस शर्ट कापले तर दहा दिवसांत कापणी पूर्ण. कौसाबाईंची अडचण मी आधीच ओळखून होते, म्हणून म्हटलं, प्रत्येक ताक्याला एक कात्री लावून घेऊ. सात ताके, सात घास.

"असं कसं?" संगीता म्हणाली. "एक ताका म्हंजे चाळीस-पंचेचाळीस लेकरं. हर लेकराचं नशीब येगळं. शर्टागणिक लावावी लागंल."

"तीनशे वेळा?"

"मग काय! लोकाची लेकरं हाईत मॅडम. उद्या एखादं नापास झालं तं?"

पहिल्या दिवशी कौसाबाईंनी वीस शर्टांना कात्री लावली. दुसऱ्या दिवशी सकाळी ओसरीला कुलूप. शेजारणीनं सांगितलं, चुडाव्याला गेल्या, लेकीचं बाळंतपण आहे.

बाळंतपण म्हटल्यावर कुणाला काय बोलता येतं! चार दिवस गेले. मी म्हटलं, कापायला घ्या. कुणी कात्रीला हात लावेना. मी स्वतः कापायला गेले तर टेबलाभोवती अठरा जणी अशा उभ्या राहिल्या जशी मी कुणाच्या तरी नरड्याला हात घालतेय. मग व्हिडिओ कॉलची युक्ती काढली. इकडून मी कात्री धरायची, तिकडून कौसाबाईंनी "लाव" म्हणायचं. कौसाबाई तीनदा फोनवर आल्या. तिन्ही वेळा त्यांचा फक्त कान दिसला आणि नेट गेलं.

पाचव्या दिवशी बायकांनी आपल्या डोक्यानं एक मार्ग काढला. कापड कापायचं नाही, पण फाडायला हरकत नाही! फाडलं म्हणजे काही कापलं नाही. ताक्याला दातानं चीर पाडायची आणि दोघींनी ओढायचं, टर्रर्र, शर्टाएवढा तुकडा निघतो. दुपारपर्यंत दोनशे ऐंशी तुकडे फाडून झाले. आठ गाठोडी बांधली.

"आता हे चुडाव्याला न्यायचं," संगीता म्हणाली.

"काय?"

"काकू येईनात ना? मग आपुन जाऊ. बाळंतिणीच्या उशाशी बसून लावतील कात्री. त्येला काय लागतंय, एका शर्टाला एक घास."

मी बरंच समजावलं. मग माझंच मला कळेना की मी का समजावतेय, कारण माझ्याकडं दुसरा काहीच उपाय नव्हता. दुसऱ्या दिवशी सकाळी बोरीहून परभणीपर्यंत बस, परभणीहून पॅसेंजर. आठ बायका, आठ गाठोडी आणि मी. डब्यात एकानं विचारलं, "कुठं लग्नाला का?" संगीता म्हणाली, "कात्रीला." तो माणूस पूर्णेपर्यंत आमच्याकडं बघत राहिला.

चुडावा लहानसं स्टेशन. गाडी थांबते न थांबते. आम्ही दारातून गाठोडी खाली फेकली, उड्या मारल्या. पाच गाठोडी खाली, तीन अजून वर, तेवढ्यात संगीता ओरडली, "आगं बया! त्या बगा काकू!"

प्लॅटफॉर्मच्या त्या टोकाला कौसाबाई होत्या. हातात पिशवी. आम्ही ज्या गाडीतून उतरत होतो, त्याच गाडीत त्या चढत होत्या! आणि चढता चढता त्यांनी आमच्याकडं पाहिलं, पदर तोंडावर ओढला आणि आत गेल्या.

इंजिनानं शिट्टी दिली. नऊ बायका पुन्हा गाडीत. कशा चढलो ते विचारू नका, माझी एक चप्पल चुडाव्यालाच राहिली. स्टेशनवरच्या एका भल्या माणसानं धावत येऊन पाचातली चार गाठोडी दारातून आत ढकलली. पाचवं तो ढकलणार तेवढ्यात गाडीनं वेग घेतला, मग ते त्यानं डोक्यावर धरून हात हलवला. जणू आम्हीच त्याला देऊन निघालो होतो.

कौसाबाई पुढच्या डब्यात खिडकीपाशी बसल्या होत्या. आम्ही सगळ्या भोवती उभ्या राहिलो. सगळ्यांना धाप लागलेली.

"काकू, बाळंतीण कशी हाय?" संगीतानं विचारलं.

कौसाबाईंनी पिशवी मांडीवर ओढून घेतली.

"लेक कुठाय?"

"लेक पुण्याला हाय," त्या हळूच म्हणाल्या. "तिचं पोरगं धाव्वीला गेलं."

"मग चुडाव्याला?"

"बहीण हाय माझी. काल तुमीच फोन केला ना, उद्या यायलाव म्हून. म्हून मी नांदेडला जायलेय. तिथं नणंद हाय."

मी त्यांच्या शेजारी बसले आणि पहिल्यांदा त्यांचा उजवा हात पाहिला. अंगठा बुडापाशी सुजून लिंबाएवढा झालेला. मी हात लावला तर त्यांनी झटकन मागं घेतला.

"किती दिवसांपासून?"

"दिवाळीपासून. तुमी मशिनी वाटल्या तवापासून. आधी गावात हप्त्याला दोन-चार कपडे असायचे. आता अठरा मशिनीचं कापड एकट्या माझ्या बोकांडी. ती कात्री लय जड हाय मॅडम. रातीला अंगठा ठणकतोय, भाकर थापायला येत न्हाई."

"मग नाही म्हणायचं ना, मावशी!"

कौसाबाईंनी माझ्याकडं असं पाहिलं की मला आपण बालवाडीत असल्यासारखं वाटलं. "न्हाई कुणाला म्हणू? ज्या लेकराच्या कापडाला न्हाई म्हणीन, त्येला उद्या ठेच जरी लागली तरी नाव माझंच. तीनशे लेकरं म्हणल्यावर माझा तं जीवच उडाला. म्हून पळाले."

मग त्यांनी सगळंच सांगून टाकलं. चाळीस वर्षांपूर्वी नणंदेचा झंपर कापताना हात सटकला, मुंढा वाकडा गेला. सासूच्या भीतीनं तिथं तिकोनी तुकडा जोडला. त्या नणंदेला अकरा स्थळांनी नाही म्हटलं होतं. तो झंपर घालून बसली आणि बारावं स्थळ हो म्हणालं. "तवापासून गाव माझ्या मागं लागलं. मला काय हातगुण-बितगुण ठाव न्हाई. मला सरळ कापायलाच कधी आलं न्हाई."

मला वाटलं, सुटलो! आता बाईनं स्वतःच कबूल केलं. पण संगीता डोळे पुसत म्हणाली, "बगा की मॅडम, येवढा हातगुण असून बाईला गर्व न्हाई."

कपाळावर हात मारायचं तेवढं बाकी राहिलं. थोडा वेळ मी खिडकीबाहेर बघत विचार करत होते. एक गोष्ट स्पष्ट होती. गावाचा विश्वास माझ्या चाळीस मिनिटांच्या भाषणानं हलणार नव्हता, कौसाबाईंच्या कबुलीनंही हलला नव्हता. तो तसाच धरून हिशोब करायला हवा होता. प्रत्येक शर्टाला घास हवा, पण घास तीनशे नकोत, वाकडा नको आणि अंगठ्याला त्रास नको. शिवणातला प्रश्न म्हणून पाहिलं तर हा प्रश्न सोपा होता. मला तो इतके दिवस शिवणातला वाटलाच नव्हता.

कारखान्यात कपडा एकेक कापत नाहीत. एकावर एक थर लावतात, वर फर्मा ठेवतात आणि विजेच्या कटिंग मशीननं एकदम कापतात. सत्तर थर असले तरी एकच कट. आणि कापडाला दोन्ही बाजूंनी किनार असते, विणताना आलेली घट्ट पट्टी. ती शर्टात घेत नाहीत, आक्रसते म्हणून कापून टाकतात. कौसाबाईंनी घास मुंढ्यात न घेता किनारीत घेतला तर? वाकडा गेला तर गेला, ती पट्टी कचऱ्यातच जायची आहे. दोनशे ऐंशी तुकडे, चार गठ्ठे, चार घास.

मी गाडीतच मांडून दाखवलं. किनारीवर बायकांचं काही म्हणणं नव्हतं, कापड ते कापडच. थरांवरही नव्हतं, कात्री प्रत्येक लेकराच्या कापडातून जाणारच होती. सगळं अडलं विजेवर.

"मशिनीनं कापलं तं हातगुण त्यात उतरतो का?" एकीनं शंका काढली.

"बटन तं हातानंच दाबायचं ना?" दुसरी.

"पर मधी वायर हाय."

"वायर हाय म्हून काय झालं? करंट येलदरीच्या धरणाहून येतोय तं तेवढ्या लांबून वायरीतूनच येतोय की. मग हातगुण दोन हाताच्या वायरीतून जाणार न्हाई का?"

"करंटाचं येगळं. करंट सरकारी असतोय."

लिंबगाव गेलं तरी हे चाललं होतं. समोरच्या बाकावरच्या एका गुरुजींनी मध्ये पडून विजेचा वाहक म्हणजे काय ते समजावलं, त्यावर त्यांनाच विचारण्यात आलं की मग लाकडी मुठीच्या कात्रीतून गेली चाळीस वर्षं हातगुण कसा काय गेला? गुरुजी पेपर वाचायला लागले.

शेवटी कौसाबाई बोलल्या. इतका वेळ खाली मान घालून बसल्या होत्या, त्या ताठ झाल्या.

"हात कुणाचा हाय?" त्यांनी विचारलं.

"तुमचा."

"मग मी सांगते. जातो. वायरीतून बी जातो, किनारीतून बी जातो. आन आजपासून मी कात्री उचलणार न्हाई. बटन दाबीन. पटत असंल तं गाठोडी उचला, न्हाई तं मी चालले नणंदेकडं."

नांदेड आल्यावर बायकांनी गाठोडी उचलली. परतीच्या गाडीनं आम्ही सगळ्या निघालो. चुडाव्याला तो भला माणूस गाठोडं आणि माझी चप्पल घेऊन उभा होता.

कटिंग मशीन मी परभणीच्या एका रेडीमेडवाल्याकडून चार दिवसांसाठी मागून आणलं. सत्तर-सत्तर तुकड्यांचे गठ्ठे लावले, एक सुलटा, एक उलटा. सगळे सुलटे लावले तर सगळ्या शर्टांना पुढचा उजवाच भाग निघतो आणि डावा कुणालाच नाही, हे मी तीनदा बजावलं. कौसाबाई आंघोळ करून, भस्म लावून, पाटाऐवजी खुर्चीवर बसल्या. नारळ फुटला. त्यांनी डोळे मिटून बटणावर बोट ठेवलं आणि लाईट गेली.

सव्वातीन तास कौसाबाई बटणावर बोट ठेवून बसल्या. उठल्या नाहीत, चहासुद्धा डाव्या हातानं प्यायल्या. मी मनातून घाबरले होते, आता बायका अपशकुन म्हणून घरी जाणार. पण संगीता म्हणाली, "जितका येळ बोट ठेवलं तितका हातगुण साठायलाय." मी तिला काहीही बोलले नाही. आयुष्यात काही वेळा गप्प बसणं हेच ट्रेनिंग असतं.

लाईट आली. मशीन घुर्रकन चाललं, मी धरून किनारीत दोन इंच सरकवलं. सत्तर थरांतून पातं लोण्यातून जावं तसं गेलं. बायकांनी "हर हर महादेव" केलं. असेच चारही गठ्ठ्यांचे घास झाले, मग उरलेलं सगळं आम्ही कापलं. दीड दिवसात दोनशे ऐंशी शर्ट कापून झाले, ज्यासाठी मी दहा दिवस धरले होते. मुंढे सगळे सरळ. एका बाईनं सरळ मुंढा हातात धरून बराच वेळ पाहिला आणि दबक्या आवाजात विचारलं, "मॅडम, कळी?" मी फक्त डोळे मोठे केले.

शाळा उघडायच्या दोन दिवस आधी तीनशे शर्ट पोचले. सेंटर बंद झालं नाही. पुढच्या वर्षाच्या पँटीही गटालाच मिळाल्या, आणि लोणच्याची बरणी आता खिडकीत असते. साहेबांनी यशोगाथा लिहायला सांगितली. त्यांच्या फॉर्ममध्ये रकाना होता, "कापणीचे श्रम कमी करण्यासाठी वापरलेली साधने." मी लिहिलं: उंच टेबल, फर्मे, वजनं, विजेचं कटिंग मशीन, कौसाबाई. साहेबांनी शेवटचं खोडून "स्थानिक सहभाग" असं केलं.

कौसाबाईंचा अंगठा दोन महिन्यांत उतरला. पण गाव ते गावच. बटणाचा हातगुण सिद्ध झाल्यावर लोक त्यांना पिठाच्या गिरणीचं, विहिरीवरच्या मोटारीचं पहिलं बटण दाबायला बोलवायला लागले. मागच्या महिन्यात मी त्यांच्या ओसरीवर बसले होते. बाहेरगावचा एक माणूस गाडी घेऊन आला, हात जोडले, म्हणाला, "आजी, नवं कूलर घेतलंय, बटन दाबायला चला."

"आज न्हाई," कौसाबाई म्हणाल्या.

"का बरं?"

"मी भाकरी करायलेय."

तो गेला. त्यांनी पीठ मळलं, परातीत गोळा घेतला आणि थापायला लागल्या. अंगठ्याचं बूड टेकवून, चांगली गोल, पातळ. दोन मला वाढल्या, सोबत तेल-तिखट.

मी एकतीस वर्षं पोरींना शिकवलं की कापण्याआधी मापं नीट घ्यावीत. आता त्यात थोडी भर घालते. काम कुठं अडलंय ते बघताना, ते ज्याच्या हातून जातं त्या माणसाचा हात दुखतो का, एवढं एक विचारून घ्यावं. बोरीत हा प्रश्न दोन गल्ल्या चालून विचारता आला असता. मला त्यासाठी रेल्वेचं तिकीट काढावं लागलं.